चौदा चालक आणि एक सद्गृहस्थ

औरंगाबादच्या पुंडलिकनगरातल्या बागेला एक लोखंडी फाटक आहे आणि त्या फाटकावर तीन वर्षांपूर्वी एक पाटी लागली: 'पहाट चालक मंडळ. नवीन सभासदांचे स्वागत. दररोज पहाटे साडेपाच.' कडुबाभाऊ साळव्यांनी ती वाचली तेव्हा त्यांना एसटीतून रिटायर होऊन बरोब्बर अकरा दिवस झाले होते. एकोणतीस वर्षं ज्यानं हातात स्टिअरिंगच धरलं, त्याला 'चालक' या शब्दाचा आणखी एखादा अर्थ असतो हे सांगणार कोण? त्यांना वाटलं, चला, आपल्या लोकांची संघटना थेट आपल्या गल्लीत आली. दुसऱ्या दिवशी खाकी पँट घालून, खिशाला बिल्ला लावून, लायसनची झेरॉक्स घडी करून ते साडेपाचला हजर.

आत बघतात तर दहा-बारा वयस्क माणसं गोल उभी राहून हात गरागरा फिरवतायत. कडुबाभाऊंना वाटलं, आंदोलन सुरू झालेलं दिसतंय आणि आपल्याला उशीर झाला.

मंडळाचे अध्यक्ष मधुसूदन सर लगबगीनं पुढं आले. सर कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झालेले, आणि रिटायर झाल्यावरही शिकवायचे थांबले नव्हते.

"या, या! अनुभव किती वर्षांचा?"

"एकोणतीस वर्सं."

"वा! आणि रोज किती होतं?"

"तीनशे-साडेतीनशे किलोमीटर व्हायचं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "कधी काही दुखापत?"

"एक बी ॲक्सिडेंट नाय सर. सिल्लोडच्या पुढं एकदा म्हैस आडवी आली व्हती, पण ती बी वाचली."

मग दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. सरांनी सगळ्यांदेखत खुलासा केला, की चालतो तो चालक, आणि वाहन चालवतो तो वाहनचालक. लोकांनी आळशीपणानं वाहन गाळलं आणि शब्दाची वाट लावली. सरांच्या पत्नी अनसूयाबाईंनी 'पादचारी मंडळ' असं साधं नाव सुचवलं होतं, पण पादचारी हा शब्द ट्रॅफिक पोलिसांनी खराब केलाय असं सरांचं मत. परिणाम असा, की लग्नसराईत मंडळाच्या नंबरवर दिवसाला चार फोन यायचे: "उद्या वऱ्हाड घेऊन जायला ड्रायव्हर मिळंल का?" सर प्रत्येकाला व्याकरण समजावून सांगायचे आणि पलीकडचा माणूस घाईघाईनं फोन ठेवायचा.

कडुबाभाऊ त्या दिवशी परत फिरले असते. पण बारा माणसं आपल्याकडं बघतायत म्हटल्यावर फिरायचं कसं? त्यांनी बिल्ला काढून खिशात टाकला आणि तेही हात गरागरा फिरवायला लागले. ते अजून फिरवतायत.

पहिल्या महिन्यात फार हाल झाले. बागेच्या एका फेरीत दम लागायचा. डावा पाय क्लच दाबून दाबून आखडलेला, त्यामुळं वळणावर सगळे पुढं आणि कडुबाभाऊ आपले मागं, ब्रेक मारल्यासारखे. पण हळूहळू त्यांना मंडळ आवडायला लागलं, आणि त्याचं कारण चालणं नव्हतं. मंडळातल्या बँकवाल्या, शाळावाल्या माणसांनी नोकरीभर खुर्ची सोडली नव्हती. कडुबाभाऊंनी नागपूर पाहिलेलं, सोलापूर पाहिलेलं, कोकण पाहिलेलं. कुठल्याही गावाचं नाव काढा, ते सांगणार: "हाय की! मी गेलोय तिथं." सर त्यांना 'कडुबाजी' म्हणायचे. जन्मात कुणी त्यांना जी लावलं नव्हतं.

आता खरं काय ते सांगून टाकतो. कडुबाभाऊंनी महाराष्ट्रातले झाडून सगळे स्टँड पाहिले होते. स्टँडच्या बाहेरचं पाहिलं होतं ते काचेतून, आणि तेही समोरचंच.

त्यातलं समुद्राचं प्रकरण जरा जास्तच अवघड होऊन बसलं होतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांना केळबंदरची ड्युटी लागली. दापोलीच्या पलीकडं, अगदी समुद्राकाठचं गाव. संध्याकाळी इथून गाडी निघायची, दोन ड्रायव्हर आळीपाळीनं चालवायचे, आणि सकाळी नऊला केळबंदरच्या स्टँडात गाडी लागायची. तिथं झोपायचं, आणि पाच वाजता तीच गाडी घेऊन परत. पहिल्या खेपेला ते इतके दमले होते, की विश्रांतीगृहात पडले ते साडेचारला उठले. स्टँडच्या मागं सुरूचं बन आणि बनाच्या मागं समुद्र, असं कँटीनवाला म्हणत होता. म्हटलं, पुढच्या खेपेला बघू.

घरी आल्यावर लीलाबाईंनी पोळी वाढता वाढता विचारलं, "समिंदर कसा असतो वो?"

लीलाबाई म्हणजे सिल्लोडजवळच्या खेड्यातून आलेली, लग्नानंतर पैठणपलीकडं न गेलेली बाई. ती इतक्या आशेनं बघत होती, की 'मी झोपलो व्हतो' असं सांगायला कडुबाभाऊंची जीभ रेटेना. ते म्हणाले, "लई मोठा. आपलं जायकवाडीचं पाणी बघ, आणि त्याचा पलीकडचा काठ काढून टाक."

लीलाबाईंच्या हातातली पोळी हातातच राहिली. "मंग?"

मग काय! एकदा गिअर पडला की गाडी पुढंच जाणार. सकाळी निळा असतो, दुपारी हिरवा, आणि दिवस बुडताना सगळ्या पाण्याला हळद लागते. लाट आली की वाटतं आता आपल्याला नेती, पण ती पायाला हात लावून मागल्या पावली परत जाते. शंभर बायांनी एकदम घागरी घासाव्यात असा आवाज. यातलं काही कटिंगच्या दुकानातल्या कॅलेंडरवरचं होतं, काही पॅसेंजरांच्या बोलण्यातलं, आणि उरलेलं कडुबाभाऊंच्या पदरचं. पुढच्या खेपेला त्यांनी स्टँडवरच्या दुकानातून एक चांगला नारळाएवढा शंख विकत घेतला आणि घरी आणून दिला. म्हणाले, "काठावर पडला व्हता. मी उचलला."

आणि मग पंचाईत झाली. आता समुद्र बघायला जायचं तर भीती वाटायला लागली. तो आपण सांगितल्यासारखा नसला तर? घरी जाऊन दुसरा समुद्र सांगायचा काय? दर खेपेला ते विश्रांतीगृहात पडून त्याचा आवाज ऐकायचे आणि कूस बदलायचे. सात वर्षं केळबंदरची ड्युटी केली, आठवड्याला दोन खेपा, आणि समुद्र शंभर पावलांवर असून पाहिला नाही. पुढं ती गाडीच बंद झाली. कडुबाभाऊंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मधल्या काळात एकदा लीलाबाई म्हणाल्या होत्या, "मला बी न्या की एकदा. पास हाय आपला." तेव्हा कडुबाभाऊंच्या मनात आलं, नेलं आणि ती म्हणाली, कुठून जायचं, तर आपण कुठं बोट दाखवणार? ते म्हणाले, "तिकडं बायामाणसाची झोपायची सोय नाय. आणि बघायचं काय त्यात? पाणीच पाणी." लीलाबाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. शेजारणीपाजारणींत मात्र त्या हटकून सांगायच्या, "आमच्या ह्यांनी समिंदर पाह्यलाय. आम्ही आपली जायकवाडी पाह्यली." कडुबाभाऊंची छाती दोन इंच फुगायची. मुलाला आणि सुनेला आपलं कौतुक नसलं तरी चालंल, ही एक बाई आहे जिला वाटतं आपल्या नवऱ्यानं दुनिया पाहिली. शंख तेवढा लीलाबाईंनी शोकेसमध्ये न ठेवता स्वयंपाकघराचं दार आपटू नये म्हणून दाराखाली सरकवला होता. कडुबाभाऊंनी त्याचाही अर्थ चांगलाच लावला: जड वस्तू आहे, कामाला आली.

आणि या डिसेंबरात मधुसूदन सरांनी बागेत जाहीर केलं: मंडळाची तीन दिवसांची सहल. सपत्नीक. केळबंदर!

कडुबाभाऊंचे फिरणारे हात वरच्या वर थांबले. "सर, वेरूळला जाऊ की. चालायला लई झक्कास."

"वेरूळला आपण अकरा वेळा गेलो, कडुबाजी."

"मंग बाराव्यांदा..."

कुणी ऐकलं नाही. उलट सर म्हणाले, "तुम्ही असताना आम्हाला वाटाड्याची गरज काय? केळबंदर तुम्हाला तळहातासारखं पाठ." टाळ्या पडल्या. घरी येऊन त्यांनी लीलाबाईंना बातमी दिली, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आत्ता आठवण झाली व्हय मला न्यायची? तुम्ही तर पाह्यलाय." कडुबाभाऊ कसंनुसं हसले. पण त्याच रात्री लीलाबाईंनी नवं लुगडं काढून उशाशी ठेवलं, हेही त्यांनी पाहिलं. झालं! आता तापाचं सोंग आणायचीही सोय उरली नाही.

टेम्पो ट्रॅव्हलर ठरली. तिचा ड्रायव्हर विश्वजित, पस्तिशीतला, पांढरा कडक शर्ट, काळा गॉगल, मनगटावर मोठं घड्याळ. दिवसभर प्रवास करून केळबंदरात पोचेपर्यंत चांगलाच अंधार पडला होता, मोबाइलची रेंज घाटातच गेली होती, आणि कडुबाभाऊ मनातल्या मनात तेवढ्या अंधाराचेही आभार मानत होते.

घरगुती निवासाच्या मालकीणबाई विशाखाताई ओसरीवर उभ्याच होत्या. त्यांनी सरांकडं बघितलं, अनसूयाबाईंकडं बघितलं, आणि सगळ्यांना ओलांडून सरळ विश्वजितपुढं हात जोडले. "या साहेब. प्रवास नीट झाला ना? तुमची खोली वरची, दर्याच्या अंगाची. गरम पाणी काढून ठेवलंय."

विश्वजितनं गॉगल काढला. "माझी?"

"आणि तुमच्या चालक लोकांची व्यवस्था मागं केलीय," विशाखाताई म्हणाल्या. "गोठा होता, पण आता फरशी घातलीय. चौदा चटया आहेत. रस्सा झणझणीत केलाय, ड्रायव्हर लोकांना तिखट लागतं म्हणून."

सरांचा आवाज चिरका झाला. "बाई, आम्ही ड्रायव्हर नाही!"

विशाखाताईंनी शांतपणे मोबाइल काढला आणि सरांचाच मेसेज सरांना वाचून दाखवला: 'आम्ही चौदा चालक येत आहोत. सोबत वाहनासह एक सद्गृहस्थ असतील.'

घ्या! सर ड्रायव्हर हा इंग्रजी शब्द मरेपर्यंत लिहिणार नाहीत, आणि 'चालक' तर स्वतःसाठी वापरून झालेला. मग विश्वजितचं करायचं काय? केला सद्गृहस्थ.

"मला वाटलं साहेबांच्या चौदा गाड्या आहेत," विशाखाताई म्हणाल्या. "लावायला जागा नको का? शेजाऱ्यांचं अंगण मागून ठेवलं मी. आणि सात बायका ड्रायव्हर बघून तर मला किती कौतुक वाटलं!"

सरांनी अंगणात उभं राहूनच व्याकरण सुरू केलं. चालतो तो चालक इथपासून. विशाखाताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, पण बाकीच्या खोल्या आता पुण्याच्या पाहुण्यांना दिल्यात." विश्वजितनं बिचाऱ्यानं आपली खोली सरांना देऊ केली. सर ताठ झाले. "नको. आम्हाला उपकार नकोत." विश्वजितनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचं टाळलं आणि बॅग घेऊन जिना चढला.

बँकेचे मॅनेजर, शाळेचे मुख्याध्यापक आणि मराठीचे प्राध्यापक आपापली चटई उलगडून गोठ्यात पडले. रश्श्यानं सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं होतं. एकटे कडुबाभाऊ दोन वाट्या पिऊन तृप्त होते. एकोणतीस वर्षं ते असेच मागच्या खोलीत झोपले होते, आणि एक ड्रायव्हर वरच्या खोलीत गरम पाण्यानं अंघोळ करतोय हे आज पहिल्यांदा बघत होते. खोटं कशाला बोला, त्यांना मनातून फार गार वाटलं.

लीलाबाई गोठ्यावरून नजर फिरवून हळूच म्हणाल्या, "तुम्ही असंच निजायचा व्हय इथं?"

"असंच," कडुबाभाऊ म्हणाले. केळबंदरबद्दल त्यांनी बायकोला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट.

सकाळी साडेपाचला मंडळ अंगणात उभं राहिलं. मिट्ट काळोख होता. गाज सगळीकडून येत होती, त्यामुळं समुद्र नेमका कुठं आहे ते कळायला मार्ग नव्हता. विशाखाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "थांबा, वाट दाखवते."

"काही गरज नाही," सर म्हणाले. त्यांचा राग गोठ्यात मुरून आणखी पक्का झाला होता. "आमच्याकडं कडुबाजी आहेत. सात वर्षं त्यांनी इथं काढलीत. चला, कडुबाजी, व्हा पुढं!"

लीलाबाईंनी डोक्याला स्कार्फ बांधला. "चला की. तुम्हाला तर पाठ असंल."

या गावातली एकच वाट कडुबाभाऊंना ठाऊक होती. पण ती त्यांना झोपेत विचारली असती तरी सांगता आली असती: डांबरी रस्ता, पिंपळाचा पार, उजवीकडं वळण, आणि एसटी स्टँड. त्यांनी हिशोब केला, की स्टँडच्या मागं बन, बनाच्या मागं समुद्र. कँटीनवाला खोटं कशाला बोलेल? तेवढं स्टँडातून गुपचूप पार व्हायचं. पंधरा वर्षं झाली, आता कँटीन कुठलं असायला! ते पुढं निघाले, डावा पाय ओढत, आणि मागून तेरा माणसं टॉर्च लावून.

दीड किलोमीटरवर स्टँड आलं. आणि कँटीनमध्ये दिवा होता. स्टोव्ह भरभरत होता.

"कडुबाजी," सर थबकले, "हे तर बसस्थानक!"

"व्हय सर. शॉर्टकट हाय. मागनं."

सर पुढं काही बोलले असते, पण त्यांचा टॉर्च भिंतीवरच्या पाटीवर पडला: 'चालक-वाहक विश्रांतीगृह'. मग काय विचारता! "बघा," सर कडाडले, "बघा, हेच ते! इथूनच सगळा घोटाळा सुरू होतो!" त्यांनी मंडळाला पाटीपुढं अर्धगोलात उभं केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कडुबाभाऊंनी संधी साधली, लीलाबाईंना खुणेनं बोलावलं आणि भिंतीकडेनं सटकायला लागले.

"अरे! औरंगाबादचे डायवर ना तुम्ही?"

कँटीनच्या फळीमागून एक म्हातारा वाकून बघत होता. केस सगळे गेले होते, पण डोळे तेच.

"कडुबा डायवर! आहे हो, ओळख आहे मला. काय मग, बघितलात काय एकदाचा दर्या?" म्हाताऱ्याला उत्तराची गरजच नव्हती, तो लीलाबाईंकडं वळला. "वहिनी, सात वर्षं सांगून सांगून मी थकलो. शंभर पावलांवर दर्या आहे, जाऊन या. ह्यांचं आपलं एकच, पुढल्या खेपेला! दर्यावर येऊन दर्या न बघणारा असा माणूस मी दुसरा नाही बघितला. शंख तेवढा नेलान, तो पण समोरच्या दुकानातून!"

आणि म्हातारा खदाखदा हसला. चहा घेता काय, असंही त्यानं विचारलं.

लीलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडं एकदा बघितलं, चांगलं वरपासून खालपर्यंत. मग पदर खोचला आणि सुरूच्या बनात शिरल्या. कडुबाभाऊ मागून. "अगं, ऐक तर. अगं, पाय जपून टाक." लीलाबाई चालतच राहिल्या. बनात पायाखाली काटक्या मोडत होत्या आणि कडुबाभाऊंच्या डोक्यात एकच चाललं होतं: गेलं. मुलानं नाही मानलं, सुनेनं नाही मानलं, ही एक मानत होती, तिच्यापुढंही आपण उघडे पडलो. आता नागपूर पाहिलं म्हटलं तरी ही म्हणेल, स्टँडच पाह्यलं असंल. आणि ते तरी खोटं कुठं आहे? त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

बन संपलं. नुकतं फटफटत होतं.

आणि समुद्र? ओहोटी होती हो. पाणी लांब सरकलेलं, राखेच्या रंगाचं. पुढं ओली चिकट वाळू, एक फाटकं जाळं, दोन कावळे, प्लॅस्टिकच्या बाटल्या. लाटा कशाबशा येत होत्या आणि अर्ध्यातूनच परत जात होत्या. निळा नाही, हिरवा नाही, हळद तर कुठंच नाही.

लीलाबाई वाळूत उभ्या राहून खूप वेळ बघत राहिल्या. कडुबाभाऊ तीन पावलं मागं, शाळेतल्या पोरासारखे हात बांधून.

"ह्योच व्हय?" लीलाबाईंनी मान न वळवता विचारलं.

"ह्योच असंल."

"खरं सांगा. तुम्ही पह्यल्यांदाच बघताय?"

"पह्यल्यांदाच."

"माझ्या गळ्याची आण?"

"तुझ्या गळ्याची आण, लीला. मी झोपलो व्हतो. आन मंग एकदा बोलून बसलो तं..."

लीलाबाई मटकन खाली बसल्या. नवं लुगडं, खाली ओली वाळू, कशाचं भान नाही. कडुबाभाऊ घाबरून पुढं धावले. बघतात तर बाई पदर तोंडाला लावून हसतायत, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"बावीस वर्सं," त्या म्हणाल्या. "बावीस वर्सं मी मनात धरून व्हते. म्हणायचे, ह्या माणसानं हप्त्याला दोनदा समिंदर पाह्यला, आन एकट्यानंच पाह्यला. मी एकदा तोंड उघडून मागितलं तं मला म्हणला, पाणीच पाणी. तुम्हाला जेवाया वाढताना बी मला त्ये आठवायचं. म्हून तं त्यो शंख मी दाराखाली कोंबला. रोज लाथ बसू दे म्हणलं मेल्याला!"

'आमच्या ह्यांनी समिंदर पाह्यलाय. आम्ही आपली जायकवाडी पाह्यली.' बावीस वर्षं ते वाक्य ऐकून कडुबाभाऊंनी छाती फुगवली होती. ते हळूच बायकोशेजारी वाळूत बसले. क्लचचा पाय दुमडत नव्हता, तो तसाच समुद्राकडं लांब केला.

"तुझ्या आधी नाय पाह्यला," एवढंच ते म्हणाले.

"त्ये आता कळलं," लीलाबाईंनी नाक पुसलं. समुद्राकडं पुन्हा एकदा नीट बघितलं, बाजारात भाजी पारखावी तसं. "पण एक सांगू का? तुम्ही सांगितलेला लई चांगला व्हता ह्याच्यापरीस."

तेवढ्यात बनातून टॉर्च चमकायला लागले. व्याकरण संपवून मंडळ आलं होतं. सरांनी वाळूत पाऊल टाकलं, छातीभर श्वास घेतला, आणि पाणी इतकं लांब बघून त्यांचा विरस झाला. सगळ्यांनी माना वळवून वाटाड्याकडं बघितलं.

"कडुबाजी!" सर तिथूनच ओरडले. "भरती केव्हा येते हो इथं?"

कडुबाभाऊंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. गेल्या तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं, की मंडळानं विचारलं आणि त्यांना ठाऊक नाही. त्यांनी लीलाबाईंकडं बघितलं. त्या ओल्या वाळूत बोटानं खळगा करत होत्या आणि त्यात पाणी कसं येतं ते बघत होत्या.

"मला काय म्हाईत सर?" ते तितक्याच मोठ्यानं म्हणाले. "मी बी आजच बघतोय."

सरांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी कानाला हात लावला.

"आम्ही दोघं बी!" लीलाबाई ओरडल्या.